उभ्या ट्रेलरातली झोप : २०११ च्या घोड्याची केबिन कशी सुधारली

नाना पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपवर आले ते एसीचा भाव विचारायला. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. धुळ्याच्या पारोळा रोडला आमच्या शेडसमोर एक लिंब आहे, त्याच्याखाली त्यांनी गाडी लावली. अख्ख्या ट्रेलरपैकी लिंबाच्या वाट्याला जेमतेम घोडाच, म्हणजे ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा पुढचा भाग, आला. नाना उतरले, गमछाने मान पुसली आणि म्हणाले, "भाऊ, गाडीमा झोपच येत नही. माले एसी जोयजे."

नानांचं वय बावन्न. गाडी स्वतःची, चालवतात स्वतः, सोबत क्लीनर म्हणून पुतण्या. हजिऱ्याहून पत्र्याच्या कॉइल भरायच्या, सुरत, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढायचा आणि दहिवेल, साक्रीवरून धुळ्याला किंवा पुढे जळगावला माल उतरवायचा. धुळे ते हजिरा अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास.

घोडा म्हणजे २०११ चा टाटा एलपीएस ४०१८. या आकड्यातले ४० म्हणजे चाळीस टनांचा वर्ग आणि १८ म्हणजे एकशे ऐंशी अश्वशक्ती. इंजिन कमिन्सचं, अजून दमदार. गाडी नानांनी काऊल म्हणून घेतली होती. कंपनीकडून चासी, इंजिन, समोरचा तोंडवळा आणि स्टिअरिंग एवढंच आलं. मागची केबिन स्थानिक कारागिराने अँगलचा सांगाडा उभारून, बाहेरून पत्रा आणि आतून प्लाय ठोकून बनवलेली. प्लायवर लाल रेक्झिन, वर झालर, समोर सप्तशृंगीचा फोटो. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये दीड इंच पोकळी, आणि त्या पोकळीत काहीच नाही. दिवसभर ती पोकळी भट्टीसारखी तापायची आणि रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहायची.

एसी बसवून देणं आम्हाला सोपं होतं. पैसेही बरे सुटले असते. पण नानांना एक काम सांगितलं : पुढच्या खेपेला पुतण्याकडून वहीत लिहून घ्या, गाडी किती वाजता चालली, किती वाजता उभी राहिली, तुम्ही कधी झोपलात. पुतण्याने इमानदारीने लिहिलं. जाऊन येऊन एका खेपेत स्टिअरिंगवर तेरा तास. हजिऱ्याला कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत एकोणीस तास. आत वजनकाटा आणि लोडिंग मिळून चार. धुळ्यात गोडाऊनसमोर सहा. उभ्या गाडीचे तास चालत्या गाडीच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातले बरेचसे भर दुपारचे. घाट रात्री चढायचा म्हणून झोप दुपारीच काढावी लागते. इंजिनावर चालणारा एसी बसवला असता, तर ज्या वेळी गरज होती नेमका त्याच वेळी तो बंद राहिला असता. रांगेत उभं राहून तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं डिझेलला परवडत नाही, आणि पुढे जे सापडलं त्यामुळे ते जिवालाही परवडलं नसतं.

(मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, पण पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू होता. एक गाडी आणि एक पुतण्या असलेल्या माणसाला तो कायदा ओळखतच नव्हता. नव्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची करणारी अधिसूचना २०२३ च्या डिसेंबरात निघाली, तीही २०२५ च्या ऑक्टोबरपासून बनणाऱ्या ट्रकसाठी. जुन्या घोड्यांचं ज्याचं त्याने बघायचं.)

कामाला लागण्याआधी एक दुपार नुसती मोजण्यात घालवली. आमच्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, ती इंजिनच्या कामासाठी घेतलेली. दुपारी अडीच वाजता सावलीतली हवा ४२ अंश. केबिनच्या छताचा आतला प्लाय ५८. मागच्या झोपायच्या फळीवरची हवा ४९. आणि साक्रीहून नुकत्याच आलेल्या गाडीचं इंजिन कव्हर, म्हणजे दोन सीटांच्या मधलं बोनेट, ७१. नाना त्या बोनेटवर पाण्याची बाटली ठेवायचे. चहा करायला वेगळा स्टोव्ह कशाला ठेवता, असं मी विचारलं.

मग हवा कुठून येते ते पाहिलं. सगळ्या काचा बंद केल्या, इंजिन चालू ठेवलं, आणि नानांच्याच देवाची अगरबत्ती घेऊन केबिनभर फिरलो. गिअरच्या दांड्याच्या रबरापाशी धूर सरळ वर फेकला जात होता. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांखाली तेच. डॅशमागे वायरिंगचा जुडगा ज्या भोकातून येतो, तिथे ग्रोमेट, म्हणजे भोक बुजवणारी रबराची कडी, कधीचाच गेलेला, दोन बोटं जातील एवढी फट. म्हणजे इंजिनखालची गरम हवा पंख्याने ढकलून थेट केबिनमध्ये येत होती. वर कितीही एसी लावा, खालून बंब चालूच.

बोनेट उचललं तेव्हा खरी गोष्ट दिसली. टर्बोनंतर सायलेन्सरचा पाइप जिथे जोडला जातो, त्या फ्लँजभोवती, म्हणजे जोडाच्या चकतीभोवती, काजळीचा काळा पंखा उमटलेला होता. गॅस्केट फुटलं होतं. धूर बोनेटच्या आतच सुटत होता आणि त्या भोकांमधून वर येत होता. मी नानांना विचारलं, डोकं दुखतं का? "दुखस ना. सकायपासूनच दुखस. झोप नही म्हनीसन." कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची पहिली लक्षणं झोप न झाल्यासारखीच असतात : डोकं जड, मळमळ, सुस्ती. नानांचं सगळंच दुखणं त्याने होतं असं मी म्हणणार नाही. पण गॅस्केट बदललं, फ्लँज घासून सरळ केली, आणि दोन खेपांनंतर डोकेदुखीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ते गॅस्केट एका जेवणाच्या पैशात आलं. केबिनमध्ये बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइडचा अलार्मही लावून दिला. जुन्या गाडीच्या केबिनमध्ये फटी बुजवायला घेणाऱ्याने आधी धुराचा रस्ता तपासावा. धूर गळत असताना केबिन घट्ट बंद केली, तर आधी जेवढी हवा खेळत होती तेवढीही राहत नाही.

मग भोकं बुजवली. गिअरला नवं दुहेरी रबर, पेडलांना चामड्याचे बूट, वायरिंगला ग्रोमेट आणि उष्णता सहन करणारं सिलिकॉन. याला दीड दिवस लागला.

छतापाशी मात्र माझा आणि आमच्या कुशनवाल्या कारागिराचा वाद झाला. त्याच्याकडे एका बाजूला चांदीसारखा अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला फोम होता, तो पत्र्याला चिकटवून वरून लगेच प्लाय ठोकायचा असं त्याचं म्हणणं. सगळे असंच करतात, हेही खरं. पण त्या चमकदार थराचं काम उष्णता परत फेकण्याचं आहे, आणि ते जमायला त्याच्यासमोर हवेची फट लागते. दोन्ही बाजूंनी चेपला की तो फक्त महागडा कागद उरतो, उष्णता त्यातून सरळ आरपार जाते. आम्ही पत्र्याला आतून बंद पेशींचा फोम चिकटवला, चांदी खालच्या बाजूला ठेवली, मध्ये पाऊण इंचाच्या पट्ट्या मारून फट सोडली आणि मग प्लाय. मागच्या भिंतीत आणि दारात ग्लासवूल. डांबराच्या शीट वापरल्या नाहीत. आवाज मारायला त्या चांगल्या, पण खानदेशातल्या मे महिन्यात त्या मऊ होतात आणि वास सोडतात.

टपावर सामानाचा कॅरिअर होता, त्यात काळी ताडपत्री आणि दोर. ताडपत्री थेट पत्र्यावर पडून असायची. काळं कापड ऊन पिऊन पत्र्याला देत होतं. कॅरिअरच्या आतच चार इंच वर लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली, ताडपत्री तिच्यावर. आता तीच ताडपत्री टपावर सावली धरते आणि खालून वारा जातो. कॅरिअरची उंची तेवढीच राहिली. या एका बदलाचा खर्च जवळजवळ शून्य, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातला तोच सगळ्यात शहाणपणाचा. तो माझा नाही, पुतण्याचा होता.

बोनेटवर आम्ही चुकलो. कारागिराने मी नसताना वरून साधा फोम आणि रेक्झिन चढवलं, दिसायला झकास. पहिल्याच खेपेत कोंडाईबारीच्या चढावर करपल्याचा वास आला आणि नानांनी गाडी बाजूला घेतली. आग लागली नव्हती, पण फोम कडेने वितळून पिवळा पडला होता. तो सगळा काढला. बोनेटची उष्णता खालून अडवायला हवी : आतल्या बाजूला काचतंतूची न जळणारी ब्लँकेट, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, कडा बंद, म्हणजे डिझेल किंवा ऑइल उडालं तरी ब्लँकेटमध्ये मुरणार नाही. तेल प्यालेलं इन्सुलेशन म्हणजे इंजिनशेजारी ठेवलेली वात. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी मी कारागिराला नीट सांगून गेलो नव्हतो. त्या फोमचे पैसे आम्ही लावले नाहीत.

पुन्हा मोजलं. बाहेर ४२ असताना छताचा प्लाय ४५, फळीवरची हवा ४३. नाना थोडे हिरमुसले, त्यांना वाटलं होतं केबिन गार होईल. ऊन कितीही अडवलं तरी केबिन बाहेरच्या हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त जास्त तापायची थांबते. पण ४९ वरून ४३ वर येणं, आणि डोक्यावरचं छत अंगावर उष्णता टाकायचं थांबणं, यातच पुढच्या एसीचं निम्मं काम झालं होतं.

आता सीट. जुनी सीट म्हणजे अँगलवर प्लाय, प्लायवर बसलेला फोम, त्यावर घरून आणलेली गोधडी. कंबर धरणारच. आधी केबिनच्या खालची माउंटिंगची रबरं पाहिली, ती दगडासारखी झाली होती, चारही बदलली. मग ड्रायव्हरला स्प्रिंगची सस्पेन्शन सीट. एअर सीटचा विचार झाला होता, पण तिला हवा ब्रेकच्या टाक्यांमधून घ्यावी लागते. ती नेहमी जादा सर्किटमधून, संरक्षण व्हॉल्व्हच्या पलीकडून घ्यायची असते, मुख्य ब्रेकच्या लाइनमधून कधीच नाही. चौदा वर्षं जुन्या व्हॉल्व्हवर माझा तेवढा विश्वास नव्हता.

सीट प्लायच्या तळावर बोल्टने कसायची नाही. सस्पेन्शन सीट जड असते, अपघातात ती माणसासकट उखडून येते. खाली सांगाड्याच्या आडव्या पट्टीपर्यंत पोचून, जाड प्लेट घालून उच्च ताणाचे बोल्ट घातले. सीटची बैठक उंच असल्यामुळे नानांचं डोकं वर आणि पाय हवेत गेले, मग जुन्या अँगलचा चौथरा अडीच इंच कापला. नानांची उंची पाच फूट चार इंच. क्लच पूर्ण दाबल्यावर मांडी सीटच्या कडेला दाबली जाऊ नये, कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहावी, एवढं जमेपर्यंत चार वेळा सीट काढली आणि बसवली.

दोन दिवसांनी फोन : "हाऊ काय पाळना शे का? माले गरगरस." आणि वर तक्रार, स्पीडब्रेकरवर खाली आपटतो. मी विचारलं, वजनाची चावी फिरवली का? फिरवली होती, अगदी मऊवर. सस्पेन्शन सीट माणसाच्या वजनाला लावायची असते. बसल्यावर ती आपल्या प्रवासाच्या मधोमध उभी राहायला हवी. मऊ सोडली तर ती खड्ड्यात तळाला जाऊन आपटते, आणि तो एक दणका साध्या सीटपेक्षा वाईट. माणसाच्या धडाला उभा हादरा साधारण ४ ते ८ हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा बसला की, सगळ्यात जास्त बाधतो. सीटचं काम ते हादरे गाळायचं, खड्डा गिळायचं नाही. चावी कसल्यावर आठवड्याभरात पाळण्याची तक्रार बंद झाली.

झोपायची फळी वीस इंच रुंद होती, मधोमध हत्यारांच्या पेटीचं झाकण. नाना पाठीवर झोपलेत असं गेल्या दहा वर्षांत झालंच नसेल. फळीला पुढून बिजागरीची सहा इंचाची पट्टी जोडली, सीट पुढे सरकवली की ती उघडते आणि खाली दोन पाय टेकवते. प्लायला भोकं पाडली, नाहीतर घामाचा ओलावा गादीखाली साचून बुरशी धरते. गादीसाठी नानांना फोम नको होता, फोम उबतो. त्यांनी पारोळ्याच्या पिंजाऱ्याकडून मापाची चार इंची कापसाची गादी भरून आणली. कापसाच्या मुलखात राहून फोमवर का झोपायचं, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. गाडी चालू असताना पुतण्या मागे झोपतो, म्हणून फळीच्या पुढे रुंद पट्ट्यांची जाळी लावली. ती तो लावतो का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

शेवटी गारवा. या मार्गाची गंमत अशी की गाडीच्या दोन टोकांना दोन वेगळे उन्हाळे आहेत. धुळ्यात कोरडी हवा. २४ व्होल्टचा छोटा पाण्याचा कूलर बारा-पंधरा अंश सहज उतरवतो, वाळा लावला तर वासही येतो. कोंडाईबारीचा घाट उतरून गेलं की हवा जड होते, आणि हजिऱ्याच्या खाडीकाठी तोच कूलर फक्त अंग चिकट करतो. रांग तिकडेच लागते. त्यामुळे उभ्या गाडीत बॅटरीवर चालणारा २४ व्होल्टचा एसीच घ्यावा लागला. तो एकटा एवढा महाग की त्या पैशांत बाकी सगळं काम दोनदा झालं असतं.

हिशोब नानांसमोर पाठकोऱ्या कागदावर मांडला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन सीलबंद बॅटऱ्या ओळीने जोडल्या तर ३.६ युनिट वीज. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे १.८. पूर्ण केबिन गार करायला एसी सातशे वॉट खातो, म्हणजे अडीच तासच. म्हणून सीट आणि फळीच्या मध्ये जाड, अस्तराचा पडदा छतापासून तळापर्यंत सोडला आणि एसीचं तोंड पडद्याच्या आत ठेवलं. आता गार करायची हवा केबिनच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. सरासरी साडेचारशे वॉट धरले तर चार तास. नानांची दुपारची झोप तेवढीच असते.

या बॅटऱ्या गाडी चालू करायच्या बॅटऱ्यांपासून वेगळ्या, मध्ये दोन्ही जोड्या अलग ठेवणारा आयसोलेटर, नाहीतर झोपून उठल्यावर सेल्फ लागत नाही. केबल जाड, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभरात. जुना अल्टरनेटर एवढं भरू शकत नव्हता, तोही मोठा टाकला. वायरिंग उघडल्यावर दर वर्षी बॅटऱ्या का जातात हेही कळलं. आधीच्या कोणीतरी टेप आणि मोबाइलसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले होते. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरी कायम जास्त भरलेली. तिथे २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावला.

नानांना एसी टपावर हवा होता, आणि टप एक फूट वर घ्यायचा होता, "उभं राहीसन कपडा बदलता येतीन." ते नाही केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते ठणकावलं आहे, आणि नानांच्या गाडीला पासिंग दर वर्षी. बाहेरचं एकही माप बदलायचं नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

मग एसीचा बाहेरचा भाग मागच्या भिंतीवर. एकट्या ट्रकला हे सोपं, ट्रेलरच्या घोड्याला नाही. वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीभोवती, फिरत केबिनच्या पाठीजवळून जातो. सरळ उभ्या गाडीत हातभर दिसणारी जागा पूर्ण वळणात वीतभर उरते, आणि खड्ड्यात घोडा मागे झुकला की त्याहून कमी. आम्ही मोकळ्या जागेत नानांना दोन्ही बाजूंनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं, खाली लाकडी ठोकळे टाकून घोडा झुकवला आणि खडूने भिंतीवर रेघ मारली. मधोमध सोयीची वाटणारी जागा रेघेच्या आत गेली. युनिट शेवटी उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात बसवलं. नानांनी ती खडूची रेघ पुसू दिली नाही.

सोळा दिवस गाडी आमच्याकडे होती, त्यातले तीन एसी यायची वाट पाहण्यात गेले. मेच्या शेवटी नाना हजिऱ्याच्या रांगेतून बोलले. दुपारचे तीन वाजले होते, पडदा ओढलेला. "आते बरं वाटस. पोऱ्या तर घोरी ऱ्हायना."

जूनच्या पहिल्या पावसात मागच्या भिंतीतून पाणी आलं. एसीच्या चार बोल्टपैकी एकाखाली रबराचा वायसर राहिला होता, पाणी ग्लासवूलमध्ये उतरलं. ती भिंत आता परत उघडावी लागणार आहे. ओल्या ग्लासवूलचा काही उपयोग नाही, आणि मागून अँगल गंजायला लागेल. गाडी पुढच्या मंगळवारी येतेय.